हिरूदादांच्या नावावर सुटलेली होडी

हिराजी तांडेल, आमचे हिरूदादा, गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. दातिवऱ्यात, माकुणसारला जुनी माणसं त्यांचं नाव काढतात तेव्हा अजून एकच गोष्ट सांगतात. फुटबॉलची मॅच बघायला आलेल्या पाहुण्यांना हिराजीने भर ओहोटीत होड्या सोडायला सांगितल्या आणि तीन माणसं गेली. तीन माणसं गेली हे खरं आहे. हिरूदादांनी सांगितलं हे खोटं आहे. ते खोटं मी बोललो. त्यानंतर इतकी वर्षं मी गप्प बसलो. आता अक्षर वाकडं येतं, पण वाचता येण्याइतकं येतं आहे तोवर लिहून ठेवतो.

सुरुवात त्या संध्याकाळपासून केली तर हिरूदादा पुन्हा तेवढ्याच एका गोष्टीत अडकून पडतील, म्हणून थोडं मागून सांगतो.

मी घाटावरचा माणूस. सत्तरच्या सुमाराला बोईसरला आलो तेव्हा तारापूरकडच्या माळावर कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. त्यांतल्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून म्हणून लागलो. हिरूदादा तिथेच फिटर होते. दातिवऱ्याचे. तीन पिढ्यांची होडी त्यांनी धाकट्या भावाच्या हवाली केली होती आणि आठवडाभर बोईसरला एका खोलीत राहून शनिवारी गावी जायचे. बुटके, खांद्याने रुंद. चालताना दोन्ही पाय फाकवून टाकायचे, जणू कारखान्याची फरशी केव्हाही कलंडेल. कुणी कितीही घाईचं बोललं तरी आधी पूर्ण ऐकून घ्यायचे, मग एकदा खाली बघायचे आणि मग उत्तर द्यायचे. होडी सोडली तरी तांडेलपण, होडीच्या कप्तानाचं वळण, सुटलं नव्हतं.

टाइम ऑफिसात भिंतीवर कॅलेंडर होतं. सगळे त्यावर सुट्ट्या बघायचे. हिरूदादा दर सोमवारी येऊन तिथी बघायचे.

"भाऊसायेब, आज काय हाय?"

"षष्ठी."

"म्हंजे साडेचार."

"काय साडेचार?"

"पाणी. तिथीची पाऊणपट करायची. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती."

मला गंमत वाटली. मी लगेच दशमीची भरती काढली, साडेसात. एकादशीची काढली, सव्वाआठ. समुद्र न बघता समुद्र हातात आल्यासारखं वाटलं मला. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "हिशेब बराबर हाय. पन हिशेबात होडी नका घालू."

"आणि पौर्णिमेला?"

"पुनवेला हिशेबानं सव्वाअकरा, पन खरं पाणी दुपारी बारा-साडेबाराला. तवा पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली जातं. सांच्याला खाडीच्या तोंडाला वाळू उघडी पडते. तवा आमी घरात बसतो."

कारखान्याची फुटबॉलची टीम होती. बंगाली होते, केरळचे होते, दोघंतिघं इथलेच. दरवर्षी पालघरला खुली स्पर्धा व्हायची आणि मी तिचा चिटणीस होतो, कारण पत्रं लिहायला दुसरा कुणी तयार नव्हता. हिरूदादांना खेळातलं काही कळत नसे. शिट्टी वाजली की शेजाऱ्याला विचारायचे, "आता ह्यानं काय केलं?" पण स्वागत समिती म्हणजे ते एकटे. बाहेरून टीमबरोबर जी माणसं आरडाओरडा करायला यायची, त्यांची व्यवस्था ते बघायचे. खेळाडूंना सगळेच विचारायचे. त्यांच्यामागून ट्रकमध्ये उभे राहून आलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, आणि हिरूदादांना तेच टोचायचं.

पालघरच्या मैदानाला एकाच बाजूला सावली होती. चिंचेची चार झाडं. पहिल्याच वर्षी त्यांनी आमच्या लोकांना तिथून उठवलं आणि समोर उन्हात बसवलं.

"हिरूदादा, आमचं मैदान, आमचीच सावली," कुणीतरी म्हणालं.

"म्हणून तर द्यायची. दुसऱ्याची असती तर कशी देणार?"

त्या वर्षी आम्ही हरलो. आमचे लोक वर्षभर त्यांना म्हणत होते, "सावलीत बसून कोणीपण जिंकेल, दादा." ते हसायचे. पुढच्या वर्षी पुन्हा सावली पाहुण्यांना.

त्यांची दुसरी सवय मोजण्याची. पाहुण्यांचा ट्रक आला की मागचं फाळकं उघडून उभे राहायचे आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावायचे. लोकांना वाटायचं माणूस प्रेमळ आहे. प्रेमळ होतेच, पण ते मोजत असायचे. जातानाही तसंच. एका वर्षी सुरतेकडच्या एका मिलची टीम आली होती. निघताना एक खांदा कमी भरला. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, माणसं शिव्या देताहेत, आणि हिरूदादा ट्रकपुढे उभे.

"एक जण राहिला तर गाडीने येईल ना," मी म्हणालो.

"आला तेवढा गेला पायजे," ते म्हणाले. सायकल घेऊन निघाले. दोन तासांनी परत आले तेव्हा तो गृहस्थ कॅरिअरवर होता, ताडी पिऊन गार, आणि पडू नये म्हणून त्याच्याच टीमच्या झेंड्याने हिरूदादांच्या कंबरेला बांधलेला. बेटेगावला ताडाखाली सापडला होता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हिरूदादांनी त्याच्या खांद्याला हात लावला, फाळकं लावलं, आणि मगच बाजूला झाले.

आता त्या वर्षाचं.

अंतिम सामन्याला आमच्यासमोर खाडीपलीकडच्या, वसईच्या बाजूच्या एका गावाची टीम आली. गावाचं नाव लिहीत नाही, त्या तीन घरांतली माणसं अजून आहेत. फुटबॉलचं वेड असलेलं ख्रिस्ती गाव. तिथून रेल्वेने यायचं म्हणजे आधी विरार गाठायचं, मग मोजक्या गाड्यांतली एखादी मिळवायची, आणि बॅन्डसकट पन्नास-साठ माणसं कुठल्या डब्यात चढणार? त्यांच्या दारात होड्या होत्या. वैतरणेची खाडी ओलांडून दातिवऱ्याला उतरायचं आणि तिथून ट्रकने पालघर. हिरूदादांना आनंद झाला. पाहुणे पहिल्यांदाच त्यांच्या गावात उतरणार होते. सामना अष्टमीच्या रविवारी होता. अष्टमीची पाऊणपट सहा. सामना संपवून दातिवऱ्याला पोहोचेपर्यंत खाडी काठोकाठ भरलेली असणार.

बक्षीस द्यायला आमचे मोठे साहेब येणार होते. त्यांना त्या रविवारी जमेना. मी सामना आठवड्याने पुढे ढकलला, पलीकडे पत्र टाकलं, आणि मग हिरूदादांना सांगितलं.

त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. "पुनव हाय."

"रविवारच आहे की. सकाळी मिस्सा करून येतील, दुपारी सामना. सगळं तेच."

"रईवार पाण्याला ठावं नाय, भाऊसायेब." त्यांनी पुनवेच्या चौकटीवर बोट ठेवलं. "येताना बरं. भरतीवर येतील. जाताना खाडीच्या तोंडाला पाणी नसेल."

"मग पुन्हा बदलू?"

"पत्र टाकलं ना तुमी? मग राहू द्या. रातीचं पाणी येईपर्यंत मी त्यांना घरात बसवतो."

आणि त्यांनी तसं केलंही. शनिवारी गावात घरोघर फिरून प्रत्येक घराला चार पाहुणे वाटून दिले. बायकांनी तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण ठरवलं. मध्यरात्रीच्या भरतीवर सगळ्यांना सोडायचं, तोवर ओट्यांवर गाणी.

रविवारी तीन होड्या भरतीवर आल्या. हिरूदादा गुडघाभर पाण्यात उभे होते. एकेकाच्या खांद्याला हात लावत होते. पहिल्या होडीचा तांडेल पास्कू म्हणून होता, पिकल्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा. त्याच्या होडीत त्याचा भाचा होता, त्या टीमच्या बॅन्डमध्ये कर्णा वाजवायचा. "हिरुदादा," पास्कू म्हणाला, "तुजं गाव चांगलं हाय, पन आज तुज्या गावाला रडवून जानार." हिरूदादा म्हणाले, "आमचं गाव नाय खेळत, बाबा. खेळतात ते बोईसरचे. त्यांना रडव, आमी जेवायला बसू."

मैदानावर वारं वेगळं होतं. कारखान्यांतून ट्रक भरून लोक आले होते. पाहुणे चिंचेखाली बसलेले बघून पहिली शिवी तिथेच पडली. मध्यंतरापर्यंत पाहुण्यांचे दोन गोल झाले. आमच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "नाव में आए हैं, डुबा के भेजो." लोक हसले. मीही हसलो असेन. मग ते वाक्य सगळ्या बाजूने, टाळ्यांवर येऊ लागलं, आणि हसणं कमी होत गेलं.

सामना संपला, आम्ही हरलो, आणि दगड आले. फार नाहीत, पाचसहा. एक पाहुण्यांपैकी एकाच्या कपाळाला लागला. हिरूदादा मध्ये शिरले. त्यांनी पाहुण्यांना ट्रकमध्ये चढवलं आणि जखमी माणसाचा दंड धरून माझ्याकडे आले.

"ह्याला टाके घालाया नेतो. तुमी ट्रकबरोबर जा. घरोघर बसवा, जेवणं तयार हायेत. आनी भाऊसायेब, मी आल्याबिगर होडी सोडू नका. कोण काय म्हनेल तरी."

"बरं," मी म्हणालो. हा शब्द मी दिला होता.

दातिवऱ्याला पोहोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. सकाळी जिथे हिरूदादा पाण्यात उभे होते तिथे चिखल होता. पाणी पार दूर, खाडीच्या मधल्या धारेत राहिलं होतं. तिथे नांगरलेल्या तीन होड्या लहान दिसत होत्या. पूर्वेला चंद्र वर येत होता. ओट्यांवर पानं मांडलेली, बायका हाका मारत होत्या, पण पाहुणे बसेनात. त्यांच्या चेहऱ्यांवर अजून दगड होते. माझ्याबरोबर ट्रकच्या टपावर बसून आलेला आमच्या कारखान्याचा एक जण माझ्या कानाशी लागला. म्हणाला, आपले लोक ट्रक घेऊन मागून येतायत, इथे येऊन मारणार आहेत.

खरं होतं की नाही मला माहीत नव्हतं. मी माकुणसारच्या बाजूला बघितलं. लांब झाडांतून एका गाडीचे दिवे येत होते.

मला भीती वाटली. पाहुण्यांसाठी वाटली असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पाहुण्यांसाठी थोडी वाटली. माझ्यासाठी जास्त. मी चिटणीस होतो, मारामारी झाली असती तर साहेबांनी मला विचारलं असतं, आणि त्याआधी जमावाने. हे सगळे इथून निघून गेले की झालं, एवढंच डोक्यात होतं.

पास्कू माझ्याजवळ आला. त्या किनाऱ्यांवर एक रीत होती. खाडीच्या तोंडाची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. त्यामुळे कितीही मुरलेला तांडेल असला तरी परक्या किनाऱ्यावरून निघताना तिथल्या तांडेलाला विचारून निघतो. तो शब्द देतो, हा सुटतो. त्यावर वाद नाही.

"हिरुदादा कुटं हाय?"

"दवाखान्यात. येतील."

"काय सांगून ठेवलंय? कवा सुटायचं?"

दिवे जवळ येत होते. मी म्हणालो, "आत्ता सुटा म्हणाले."

त्याने खाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "ह्या पान्यात?"

"हो."

"हिरुदादा असं म्हनाला?"

मला अजून वेळ होता. तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता. "हो," मी म्हणालो, "तसंच म्हणाले."

"मंग या वर्साला उत्तरेकडनं नवी वाट पडली असंल," तो स्वतःशीच म्हणाला, आणि वळून आपल्या माणसांना हाक मारली. ती सगळी चिखल तुडवत निघाली. ओट्यावरची एक म्हातारी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "हिराजी असं नाय म्हनायचा." मी तोंड फिरवलं.

होड्या सुटल्या आणि मग गाडी आली. त्यात ड्रायव्हर, डोक्याला पट्टी बांधलेला तो पाहुणा, आणि हिरूदादा होते. दुसरं कुणीही नव्हतं.

ते उतरले. मांडलेली पानं बघितली, रिकामे ओटे बघितले. मला विचारलं, "पावने कुटं?" मी समुद्राकडे बोट केलं. होड्यांच्या मशीनचा आवाज अजून ऐकू येत होता. ते चिखलात धावत सुटले, धाकट्या भावाला हाका मारत. तेवढ्यात तिकडून एका मशीनचा आवाज बंद झाला. मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. मग खाडीच्या तोंडावर फुटणाऱ्या लाटांचाच आवाज राहिला. तो आधीपासून होता, मशीनमुळे मला ऐकू आला नव्हता.

दोन होड्या वाळूवर घासून नुसत्या अडकल्या. पास्कूची पुढे होती, ती आडवी झाली आणि लाटांनी पालथी केली. दातिवऱ्याची सगळी पुरुषमाणसं गेली. कमरेभर पाण्यातून, दोर लावून, एकेकाला आणलं. चांदण्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. जेवणासाठी मांडलेल्या त्याच ओट्यांवर ओली माणसं बसली होती आणि हिरूदादा प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत चालले होते. शेवटपर्यंत गेले. मग पहिल्यापासून पुन्हा. तीन खांदे नव्हते. त्यातला एक पास्कूच्या भाच्याचा.

दोन दिवसांनी चौकशी झाली. हवालदाराने पास्कूला विचारलं, ओहोटीत होडी का सोडली. तो म्हणाला, "हिरुदादाचा निरोप आला." माझ्याकडे त्याने बोटही केलं नाही. निरोप आणणारा त्याच्या लेखी कुणीच नव्हता. निरोप कुणाचा, एवढंच त्याला महत्त्वाचं.

हवालदाराने हिरूदादांना विचारलं, "तुम्ही दिला होता निरोप?"

मी तिथेच बाकावर होतो. हिरूदादांनी पूर्ण ऐकून घेतलं, खाली बघितलं. मग म्हणाले, "माज्या नावावर सुटले ते. म्हंजे माजाच."

मी उठलो नाही.

त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. नोकरी पुरी केली, माझ्याशी कामापुरतं बोलले, पण रागाने नाही. तिथी बघायला टाइम ऑफिसात येणं बंद झालं. पुढच्या वर्षी सावलीत आमचेच लोक बसले. पुढे स्पर्धाच बंद पडली.

मी निवृत्त झालो, नव्वदच्या पुढची गोष्ट, आणि मग एकदा धीर करून दातिवऱ्याला गेलो. ते ओट्यावर बसले होते. त्यांनी मला चहा दिला. मी म्हणालो, "दादा, मी आता खरं सांगतो सगळ्यांना. पलीकडे जातो. पास्कूला सांगतो."

"नका."

"का?"

"तो म्हातारा काय धरून बसलाय ठावं हाय? हिराजीचा शब्द चुकला. तांडेलाचा शब्द चुकतो कवा कवा. ते त्याला सोसतं. तुमी जाऊन सांगाल की तो शब्दच नव्हता. एका कारकुनाच्या तोंडावर इश्वास ठेवून त्यानं बहिणीचा पोर बुडवला. ते त्याला सोसायचं नाय. तो हाय तवर गप बसा."

"आणि तुमचं नाव?"

"ते माजं हाय. मी बघतो."

मी ऐकलं. ही अट मला सोयीची होती, हेही लिहायला पाहिजे. मी परतताना सुटल्यासारखा चाललो होतो. हिरूदादा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. पास्कू पुष्कळ जगला. तो मागल्या पावसाळ्यात वारल्याचं कळलं, म्हणून आज हे लिहितो आहे. हिरूदादा असते तर त्यांच्यासाठी लिहिलं असं म्हणता आलं असतं. आता कुणासाठी ते मला सांगता येत नाही.

त्या दिवशी चहा झाल्यावर ते मला पोहोचवायला किनाऱ्यापर्यंत आले. पलीकडे माणसं नेणारी सपाट होडी, तर, भरत होती. बाजारहाट करून निघालेल्या बायका, सायकली, दोन शाळामास्तर. तर हाकणारा तरुण गडी इकडेतिकडे बघत होता. हिरूदादा त्याच्यापासून दोन हातांवर उभे होते. त्याने त्यांना ओलांडून मासळी वाळत घालणाऱ्या एका बाईला विचारलं, "मावशी, पाणी झालं का गं पुरेसं?"

ती म्हणाली, "मला काय ठावं? जा की."

हिरूदादा खाडीच्या तोंडाकडे बघत होते. अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू म्हणाले, "अजून अर्धा तास."

मी ऐकलं. तरुणाने बांबू टेकला आणि तर सुटली. मी हिरूदादांना नमस्कार केला, त्यांचं लक्ष नव्हतं. एस.टी.च्या थांब्यावरून मागे वळून बघितलं तेव्हा ते चिखलाच्या कडेला तसेच उभे होते. एस.टी. यायला पाऊण तास लागला. तर पलीकडे लागल्याचं मला तिथून दिसलं, माणसं उतरताना ठिपक्यांसारखी दिसली. मग हिरूदादा वळले आणि घराकडे चालू लागले.